माझ्या लग्नाच्या पत्रिकेतल्या विहिरी

माझं लग्न आतापर्यंत पाच वेळा पुढं ढकललं गेलं आहे आणि पाचही वेळा ते मीच ढकललं आहे. वधूपक्षाची एकदाही हरकत आली नाही. येणार कशी? वधू विहीर आहे. सगळं सांगतो, पण सुरुवातीपासून सांगावं लागेल. नाहीतर तुम्हीही आमच्या शेजारच्या वहिनींसारखे ओटीचं ताट घेऊन माझ्या दारात उभे राहाल.

मी एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमच्या स्टाफरूममध्ये माणसाला नाव नसायचं, विषय असायचा. "ओ भूगोल, चहा आला बघा." "इंग्रजी रजेवर हाय काय आज?" तसा मी विज्ञान. माझ्या शेजारच्या खुर्चीवर ड्रॉइंग बसायचा. चित्रकलेबरोबर शाळेचं लेझीमपथकही त्याच्याकडं होतं, म्हणून त्याच्या अंगात ताल भिनलेला. टेबलावर बोटं वाजवायचा तीसुद्धा मोजून.

एकदा मी पोरांना मुक्त पतन शिकवायला शाळेमागच्या विहिरीवर नेलं. खडा सोडायचा, पाण्यात पडेपर्यंतचा वेळ मोजायचा आणि त्यावरून पाणी किती खोल ते काढायचं, असा प्रयोग. मी ऐटीत खडा सोडला आणि शाळेचं स्टॉपवॉच दाबलं. ते चाललंच नाही. पोरं हसली. दुसरा खडा सोडला, तर वॉच सुरू झालं ते थांबेचना. पोरं आणखी हसली. कठड्यावर चित्र काढत बसलेला ड्रॉइंग म्हणाला, "तू खडा टाक, मी मोजतो." आणि लेझमीच्या ठेक्यात, एका सेकंदाला चार आकडे, त्यानं मोजलं. "एक दोन तीन चार पाच..." डुबुक. पाच आकडे म्हणजे सव्वा सेकंद. नंतर दोर सोडून बघितलं, तर फूटभराचाही फरक नव्हता.

तिथून आमचं खूळ सुरू झालं. दर रविवारी माझी स्कूटर, मागं ड्रॉइंग, त्याच्या पिशवीत वही आणि रंग. पहिल्यांदा करवीर तालुका, मग हातकणंगले, शेवटी गारगोटीच्या बाजूचा भुदरगड. विहीर दिसली की थांबायचं. तो चित्र काढायचा, मी फोटो घ्यायचो, मग मी खडा सोडायचा आणि त्यानं मोजायचं. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करायचा. विहिरींची नावं आम्ही आकड्यावरून ठेवली: पाचाची, सहाची, साडेतीनाची. दोन परके पुरुष विहिरीत वाकून बघतायत म्हटल्यावर रानातला मालक धावत यायचा. "काय पावणं, जीव द्याचा बेत हाय काय? दुसरीकडं जावा, हितलं पाणी आमी पितोय!"

खोली काढायला नुसता आकडा पुरला असता, हे मलाही कळत होतं. पण एकदा घरी बसून ती रेकॉर्डिंग ऐकली आणि सुटका राहिली नाही. दगडी बांधणीची विहीर खणखणते. मातीची खडा गिळून टाकते आणि वर ढेकरही देत नाही. एखादी असा आवाज देते की वाटतं, खालून कुणीतरी 'काय?' म्हणालं. अकरा वर्षं आम्ही हे केलं. त्याला बायको होती, मुलगा होता, घरी रविवारच्या मटणाची वाट बघणारं माणूस होतं. तरी तो यायचा. मला स्कूटर होती.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? फोटो, चित्रांचे फोटो, आवाज. मोबाइल भरून वाहायला लागला. ड्रॉइंग म्हणाला, "विकतची जागा घेऊ नेटवर. निम्मं तू, निम्मं मी." मी विज्ञानाचा माणूस. म्हटलं, नेटवर फुकट जागा पडलीय पोत्यानं, घेता आली पाहिजे.

आणि घेतली. फुकटात मिळणाऱ्या मेलचे सात डबे उघडले, प्रत्येक डब्यात थोड्या थोड्या विहिरी भरल्या. सातांचे सात पासवर्ड ठेवले ते इतके अवघड, की चोरालाही सापडू नयेत. ते मलाही सापडले नाहीत. मग मोबाइलच्या कॅलेंडरात प्रत्येक विहीर तिच्या तारखेला वाढदिवसासारखी नोंदवली आणि टिपणात तिचा सगळा मजकूर घातला. युक्ती नामी होती. फक्त गणिताच्या सरांच्या वडिलांच्या दहाव्याला, सगळे कावळ्याची वाट बघत गप्प उभे असताना, माझ्या खिशातून सनई वाजली. काढून बघितलं, तर 'सहाची विहीर, आज वाढदिवस'. गणितानं माझ्याकडं असं बघितलं की मी तिथूनच घरी आलो.

त्यानंतर जुना मोबाइल चार्जरला लावून खिडकीत ठेवला आणि त्यालाच सर्व्हर केला. घरचं वायफाय, घरची वीज, जगात कुठूनही आमच्या विहिरी ऐका. तीन आठवडे मी स्वतःला मोठा इंजिनियर समजत होतो. मग उन्हानं त्या मोबाइलची बॅटरी पुरीसारखी टम्म फुगली आणि लोखंडी चिमट्यानं उचलून गच्चीवर नेऊन ठेवावी लागली.

शेवटी परदेशातली एक फुकट जागा सापडली. कितीही भरा, एक पैसा नको. बारीक अक्षरांत एवढंच लिहिलं होतं की नव्वद दिवस कुणी फिरकलं नाही तर सामान काढून टाकू. गारगोटीकडचं दोन वर्षांचं सगळं काम मी तिथं चढवलं आणि ड्रॉइंगच्या देखत मोबाइलवरचं पुसून टाकलं.

"दुसरी प्रत?" त्यानं विचारलं.

"नेटवर हाय की. नेट कुठं जातंय?"

नेट कुठंच गेलं नाही. मीच गेलो नाही. आठवण करून देणारी पत्रं त्यांनी पाठवली होती म्हणे, पण ती गेली त्या सातांपैकी एका डब्यात, ज्याचा पासवर्ड चोरालाही सापडला नसता.

हे मी ड्रॉइंगला चहाच्या गाड्यावर सांगितलं. सांगताना हसत होतो. माझी ही खोड जुनी आहे. चूक जेवढी मोठी, तेवढा मी जोरात हसतो. त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, स्कूटरवर बसणं कायमचं बंद झालं होतं. गारगोटीच्या रस्त्याचं रुंदीकरण चालू होतं आणि कडेच्या विहिरी बुजवत होते. दोन्ही गोष्टी मला माहीत होत्या. तरी मी म्हणालो, "विहिरी काय एसटी पकडून जाणार हाईत काय? परत जाऊ की लेका!"

त्यानं निम्मा कप खाली ठेवला. "तुला काहीच वाटंना, न्हाय?" एवढं म्हणाला आणि काठी टेकत निघून गेला. त्या उन्हाळ्यात तो मुलाकडं इचलकरंजीला राहायला गेला, ते मला भूगोलाकडून कळलं. फोन नंबर माझ्याकडं होता. इचलकरंजी काही विलायत नाही, तासाभराची एसटी. पण फोन केला की बोलावं लागतं, आणि बोललो की मी हसणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. चार वर्षं गेली. दरम्यान मी रिटायर झालो. रविवार इतका मोठा असतो हे मला त्याआधी माहीत नव्हतं. घरात बसून मोबाइलवर उरलेल्या विहिरी ऐकायचो. प्रत्येक विहिरीत पाण्याच्या आधी त्याचा आवाज होता. एक दोन तीन चार.

तर लग्न. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची पत्रिका मोबाइलवर आली. उघडली तर आत फोटो, गाणी, 'आमची पहिली भेट', सगळं. तळाला लिहिलं होतं: तुमचीही पत्रिका बनवा, अगदी मोफत, कितीही फोटो, कितीही गाणी. मी ताडकन उठून बसलो. कितीही गाणी! लग्न करणाऱ्या लोकांना एवढी जागा फुकट मिळते आणि आमच्यासारख्यांना नव्वद दिवस?

बसलो पत्रिका करायला. वराचं नाव सक्तीचं, ते माझं. वधूचं नाव सक्तीचं. बराच विचार केला आणि लिहिलं: चि. सौ. कां. विहीर. फॉर्मनं निमूट घेतलं. 'प्री-वेडिंग' फोटोंच्या जागी विहिरींचे फोटो भरले. मेहंदी म्हणजे करवीर तालुका, हळद म्हणजे हातकणंगले. 'लग्न' या पानाला मी गारगोटी नेमली, पण तिथं घालायला काहीच नव्हतं, म्हणून ते पान रिकामं राहिलं. मुहूर्त सक्तीचा, तर पंधरा दिवसांनंतरचा रविवार टिचकीनं निवडला. स्थळ सक्तीचं, तर घरचा पत्ता. विवाहानंतर पान नव्वद दिवसांनी बंद होईल, असं इथंही होतं. माझं आणि नव्वद दिवसांचं काहीतरी वाकडं आहे. पण इथं तारीख पुढं ढकलायची सोय होती. लग्न पुढं ढकलत राहिलं की विहिरी जिवंत. एवढी स्वस्त युक्ती मला उभ्या जन्मात सुचली नव्हती.

आता प्रती वाढवायच्या होत्या. चार लोकांनी उतरवून घेतलं तर पुन्हा काही हरवणार नाही, हा धडा मी शिकलो होतो. म्हणून मोबाइलमधल्या झाडून सगळ्यांना लिंक पाठवली आणि वर लिहिलं, 'जरूर उघडा आणि जपून ठेवा'. त्या यादीत ड्रॉइंगही होता. मी त्याला वगळलं नाही, एवढंच म्हणतो.

लिंकसोबत मोबाइलवर काय दिसतं ते मी बघितलंच नव्हतं. वर गणपती, खाली 'शुभविवाह', त्याखाली माझं नाव, तारीख, वेळ, पत्ता. 'अभिनंदन सर' असे ढिगानं निरोप आले. मला वाटलं, कामाचं अभिनंदन. छाती फुगली. पण पानाच्या कोपऱ्यात 'भेट देणारे पाहुणे: ३' होतं, आणि तिन्ही वेळा मीच उघडलं होतं.

रविवारी साडेअकराला दार वाजलं. शेजारच्या वहिनी, पैठणी, हातात ओटीचं ताट. "भावजी, सांगायचं न्हाय होय? भिंतीला भिंत लागून ऱ्हातोय आपण! वॉचमनकडनं कळतंय व्हय आमास्नी?" मी काही बोलायच्या आत मागून हातकणंगल्याचा चुलतभाऊ आला, डोक्याला फेटा, बगलेत आहेराचं पुडकं. त्यानं जिन्यातून खालीवर बघितलं. "आरं, मंडप न्हाय, बँड न्हाय. नवरी तरी हाय का? का पळाली?" त्याच्या मागून धापा टाकत भूगोल आला. "कोर्टात उरकलंस काय रे?"

मी तिघांना बसवलं आणि विचारलं, "पत्रिका उघडून बघितली का कुणी?"

"उघडायची कशाला?" भाऊ म्हणाला. "तारीख वरच हाय, घर ठावं हाय. पत्रिका काय वाचाय आस्त्या व्हय?"

मग मी मोबाइल मधे ठेवला आणि वधू दाखवली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. भाऊ एक एक फोटो सरकवत गेला आणि त्याचा चेहरा बदलत गेला. "ह्येच्यासाठी दोन बसी बदलून आलो मी?" मग एका फोटोवर थांबला. "आरं तिच्या! ही आमच्या वरल्या रानातली न्हवं?"

मी त्या विहिरीचा आवाज लावला. एक दोन तीन चार पाच, डुबुक.

"हा ड्रॉइंगचा आवाज," भूगोल म्हणाला. "त्याला बोलावलं न्हाईस?"

"पाठवलीय पत्रिका."

"पत्रिका न्हवं. फोन केलास काय?"

"पोहे टाकतो," म्हणून मी उठलो.

"लग्नाचं जेवाण म्हणून पोहे खाणारा मी पैलाच," असं म्हणत भावानं दोनदा घेतले. तीनच्या सुमाराला सगळे गेले. भावानं आहेर परत न्यायला नकार दिला. टॉवेल-टोपी होती, म्हणाला, ठेव, माणूस म्हटल्यावर लागतीय कधीतरी. वहिनींनी नारळ माझ्या हातात दिला. "विहिरीची ओटी भरा. आन् खरं लग्न असंल तवा आदी मला सांगा." वर्षा-दीड वर्षात माझ्या घरी एवढा आवाज झाला नव्हता. चार बश्या विसळल्या आणि पान उघडलं. पाहुण्यांनी येणार की नाही ते कळवायचा एक कप्पा तिथं होता, त्यात एक उत्तर आलं होतं.

आपण कोणाकडून: वधूपक्ष. उपस्थिती: येणार नाही. निरोप: हळदीतली सात नंबर चुकलीय. ती पाचाची. तू सहाचा आवाज लावलास.

नाव नव्हतं. लागणार कशाला? मी तपासलं. चुकली होती. म्हणजे त्यानं नुसतं पान उघडलं नव्हतं, एकेक विहीर ऐकली होती, आणि नवरीच्या बाजूनं बसून ऐकली होती.

मी चूक दुरुस्त केली. उत्तराला उत्तर लिहायची त्यात सोय नव्हती, फक्त पान बदलता यायचं. मग माझ्या डोक्यात किडा वळवळला. विज्ञानाच्या माणसानं एका निरीक्षणावरून निष्कर्ष काढू नये. मी मेहंदीतल्या दोन विहिरींचे आवाज मुद्दाम अदलाबदल करून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी: 'येणार नाही. मेहंदीत तीन आणि चार उलट्या.' मग एक दिवस काहीच चुकवलं नाही. त्या दिवशी निरोप नाही. प्रयोग सिद्ध झाला.

तेव्हापासून मी रोज एक चूक करू लागलो. जन्मभर न ठरवता करत आलो होतो, आता वेळापत्रक होतं. आधीच्या संध्याकाळी एक चूक रचायची, सकाळी चहाबरोबर निरोप वाचायचा. 'येणार नाही. चित्र उलटं लावलंस, कठडा खाली कसा असंल?' 'येणार नाही. इथं शेजारी यंत्रमागांचा खडखडाट असतो, आवाज वाढव.' 'येणार नाही. फोटोत तुझं बोट आलंय. अकरा वर्षं येतंय.' बोटाची चूक मात्र मी रचलेली नव्हती. लग्न एकदा ढकललं, दोनदा ढकललं, चारदा ढकललं. वर्ष उलटून गेलं.

आणि एकदा मला ताप होता, चूक करायची राहून गेली. तरी सकाळी निरोप आला. 'येणार नाही. लग्नाचं पान रिकामं हाय.'

ताप उतरल्यावर मी सीबीएस स्टँडवरून गारगोटीची एसटी धरली. स्कूटर विकून टाकली होती. रस्त्याच्या कडेची ती सहाची विहीर मला नेमकी आठवत होती. फाट्यावर उतरून चालत गेलो, तर तिथं पंक्चरचं दुकान. इकडं तिकडं बघत राहिलो तसा पंक्चरवाला म्हणाला, "काय शोधताय पावणं?"

"इथं विहीर होती."

"व्हती की. तुमी हुबं हाय तितंच."

मी बुटांकडं बघितलं. मुरूम, डांबराचे डाग, एका बाजूला जुन्या बांधणीचे दोनचार दगड. मोबाइल चालू केला, खडा उचलला आणि सोडला. टक्. पायाशीच पडला. आणि मी मोजत होतो. खडा पडून गेला तरी मोजत राहिलो, एक दोन तीन चार पाच सहा. माझा ताल कधीच बरोबर नव्हता.

"काय मोजताय?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"सवय," मी म्हणालो. हसू आलं नाही.

घरी येऊन ते रेकॉर्डिंग लग्नाच्या पानावर चढवलं. सकाळी निरोप होता.

'येणार नाही. कोरड्यात मोजायचं नसतं.'

दोन दिवस मी काहीच केलं नाही. पत्रिकेत 'वराचं मनोगत' म्हणून एक चौकट आहे, ती मी पहिल्यापासून मोकळी सोडली होती. तिसऱ्या दिवशी तिथं लिहिलं: 'चहाच्या गाड्यावर हसायला नको होतं. विहिरी मी घालवल्या. मला वाटलं होतं, फार वाटलं होतं.' मग सगळं पान पहिल्यापासून शेवटपर्यंत तपासलं. प्रत्येक विहिरीला तिचाच आवाज आहे ना, चित्रं सरळ आहेत ना, ते बघितलं. बोट आलेले फोटो तेवढे राहू दिले, त्यांना इलाज नाही.

दुसऱ्या दिवशी निरोप आला नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. आता दोन महिने होतील.

प्रयोगाप्रमाणं चूक नाही तर निरोप नाही, हे मी स्वतः सिद्ध केलेलं आहे. पण स्वतःच्या प्रयोगावर माणसाचा किती विश्वास असतो हे स्टॉपवॉच दाबणाऱ्याला विचारा. पत्रिकावाल्यांचा मात्र रोज सकाळी मोबाइलवर संदेश येतो: 'काल आपल्या पत्रिकेला १ पाहुण्याने भेट दिली. अभिनंदन!' रोज एक. कधी शून्य नाही, कधी दोन नाही.

येत्या आठवड्यात सहाव्यांदा तारीख ढकलायची आहे. त्यासाठी मागच्या दारानं, म्हणजे पान बदलायच्या बाजूनं जावं लागतं, तिथं भेट मोजत नाहीत. तिथं गेलो की हात शिवशिवतात. एका विहिरीचा आवाज इकडचा तिकडं केला की उद्या सकाळी निरोप येईल, हे मला माहीत आहे. करत नाही. आणि पुढच्या दारानं तर मी पान उघडतच नाही. उघडलं की आकडा दोन होईल, आणि त्यातला त्याचा कोणता, ते मला कळणार नाही.